तोफेचा नांगर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी रूम पार्टनरच्या गावी, साताऱ्याकडे गेलो होतो. त्यांच्या घरी एक जुनं लष्करी पिस्तूल आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांच्या काळातलं. आता लायसन्स त्याच्या वडिलांच्या नावावर आहे. मधे कधीतरी घरातल्याच कुणी हौसेने त्यावर निकेल चढवून घेतलं आणि मुठीला शिसवी लाकूड बसवलं. दिसतं एकदम चकाचक! काकांना त्याची किंमत काढायची होती आणि जमलं तर ते मूळ रूपात आणायचं होतं. परवाना असलेल्या एका कारागिराने भिंग लावून पाहिलं. प्लेटिंगच्या आधी पॉलिश मारताना जुने शिक्के आणि नंबर घासून गेले होते. निकेल उतरवता येईल, पण ती अक्षरं परत येणार नाहीत, आणि शौकीन लोक पैसे मोजतात ते त्या अक्षरांचेच. काकांचा चेहरा उतरला. घरात दिवसभर सुतक!

परत सांगलीला येताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली. खरं सांगायचं तर मी कॉन्व्हेंटचा. किर्लोस्कर हे नाव मला फक्त पंपावर वाचून माहीत. मित्र म्हणाला की या माणसाने पन्हाळ्याच्या तोफा वितळवल्या. मला धक्काच बसला. इथे एका पिस्तुलाच्या पॉलिशवरून घरात जेवण गेलं नाही, आणि यांनी आख्ख्या तोफा भट्टीत घातल्या? म्हणून लायब्ररीत जाऊन लक्ष्मणरावांबद्दल मिळेल ते वाचलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ती, मुलाचं लक्ष मात्र यंत्रात आणि चित्रात. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाचं काय झालं असेल, विचार करा! रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, तेच शिकवू लागले. (पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये केटी लागलेल्यांनी हे वाक्य परत वाचावं.) बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला घेतलं. त्यांनी नोकरी सोडली.

बेळगावला मोठे भाऊ रामूअण्णा होते. दोघांचं सायकलचं दुकान होतंच. मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. आता तो नांगर कोण घेणार? शेतकऱ्यांना वाटे, लोखंडाने जमिनीला विष बाधेल. पहिला नांगर विकायलाच जवळजवळ दोन वर्षं लागली म्हणतात. एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा कुठे, तर कुंडल रोड स्टेशनजवळ. निवडुंग, साप आणि पाण्याची बोंब. १९१० साली कामगार आणि त्यांच्या बायकापोरांना घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. त्याच माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि स्टेशनचं नावही पुढे बदललं. तेव्हा ते औंध संस्थान होतं, आज सांगली जिल्हा.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. परदेशी माल येईना. एका बाजूने संधीच होती, कारण बाहेरचे नांगर थांबले. पण आपल्या फाउंड्रीला कच्चं लोखंड मिळेना, ही दुसरी बाजू. लोखंड नाही म्हणजे कास्टिंग नाही, नांगर नाहीत, आणि माळावर आणून बसवलेल्या घरांच्या चुली बंद. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर पडून असलेल्या जुन्या लोखंडी तोफा त्यांना वितळवायला दिल्या.

हे वाचून आधी मला रागच आला. त्या तोफांवर कुठले शिक्के असतील, कुणाची अक्षरं असतील, सगळं गेलं. आज कुणी असं केलं तर आपण मोर्चा काढू, आणि काढायलाच हवा. पण त्या वेळी कुणाला काय हवं होतं, हेही बघायला पाहिजे. १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला आणि इंग्रजांनी पन्हाळा घेतला. त्यानंतर त्या तोफांना तिथे काही काम उरलं नव्हतं. काका पिस्तुलाची किंमत अक्षरांवर करतात, लक्ष्मणरावांनी तोफेची किंमत वजनावर केली. ओतीव लोखंड भट्टीत घातलं की त्याचं परत ओतकाम करता येतं, हे आपण वर्कशॉपमध्ये शिकतोच. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. तरी एखादी ठेवली असती तर? हे मनातून जात नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. रस काढायचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, इंजिनं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आला. १९२० मध्ये वाडीतूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं, तेही एका कारखान्यातून! २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

संक्रांतीला मी परत मित्राच्या घरी गेलो. पिस्तूल तसंच आहे, निकेलसकट. काकांनी नाद सोडलाय. गोठ्यामागे एक लोखंडी नांगर पडला होता, भंगारवाल्याला द्यायचा म्हणून बाजूला काढलेला. आम्ही दोघांनी वायर ब्रशने तासभर गंज काढला, तर खालून ओतीव अक्षरं वर आली, किर्लोस्कर, एकही घासलेलं नाही. काका बघायला आले. थोडा वेळ उभे राहिले, मग विचारलं, याला किलोला काय भाव मिळेल रे? मित्राने उत्तर दिलं नाही, तो तेलाची बाटली आणायला आत गेला.