तुसाँ लुव्हेर्त्यूर : हैतीच्या स्वातंत्र्याचा पाया घालणारे नेते

फ्रेंच भाषेत तुसाँ म्हणजे सर्व संतांचा सण. हे नाव लाभलेल्या एका गुलामाने स्पेन, इंग्लंड व फ्रान्स या तिन्ही सत्तांशी झुंज दिली. त्यांच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

कॅरिबियन समुद्रातील आजचा हैती देश त्या काळी सां-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होता. तेथील ऊस व कॉफीच्या मळ्यांवर सुमारे ५ लाख गुलाम राबत असत. अशाच एका मळ्यावर १७४३ च्या सुमारास तुसाँ यांचा जन्म झाला. त्यांनी गुरे राखली, घोडागाडी हाकली आणि लिहिणे-वाचणेही आत्मसात केले. १७७६ पर्यंत ते दास्यातून मुक्त झाले होते.

ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांचा उठाव झाला. त्यात सामील होण्यापूर्वी तुसाँ यांनी मळ्याच्या गोऱ्या व्यवस्थापकाच्या कुटुंबास सुरक्षित स्थळी पोहोचविले. प्रारंभी ते स्पेनच्या बाजूने लढले. परंतु १७९४ साली फ्रान्सने गुलामगिरी रद्द केल्यावर ते फ्रान्सला येऊन मिळाले. १७९८ मध्ये इंग्रज सैन्याला बेट सोडावे लागले.

१८०१ साली तुसाँ यांनी वसाहतीला राज्यघटना दिली. तिने गुलामगिरी कायमची नष्ट केली आणि कॅथोलिक धर्मालाच सार्वजनिक उपासनेची मान्यता दिली. तुसाँ स्वतः श्रद्धाळू कॅथोलिक होते. तथापि त्याच घटनेने ते तहहयात राज्यपालही झाले.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही आम्ही सांगितली पाहिजे. युद्धाने उद्ध्वस्त झालेले मळे पुन्हा उभे करण्यासाठी त्यांनी मुक्त झालेल्या मजुरांना लष्करी शिस्तीने त्याच मळ्यांशी जखडून टाकले. असंतोष पसरला, बंड झाले. पुतण्या मानलेला सेनापती मोईझ याला बंडाबद्दल दोषी ठरवून त्यांनी मृत्युदंड दिला. त्यामुळे नेपोलियनचे सैन्य १८०२ मध्ये चालून आले, तेव्हा सर्वसामान्य जनता पूर्वीसारखी एकदिलाने त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही.

मे महिन्यात त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. जून महिन्यात बोलणीच्या निमित्ताने बोलावून त्यांना दग्याने कैद करण्यात आले. फ्रान्सच्या जुरा पर्वतातील थंड किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचेच सहकारी देसालिन यांनी लढा तडीस नेला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैतीचे स्वातंत्र्य घोषित झाले.

तुसाँ यांची थोरवी आम्ही आदराने मान्य करतो. मात्र ज्यांच्या बेड्या त्यांनी तोडल्या, त्यांना आपल्या कष्टांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्यांनी दिला नाही, याचाही विसर पडू नये. नेतृत्वाची धुरा वाहणाऱ्या प्रत्येकाने या जीवनाकडे पाहताना दोन्ही गोष्टी ध्यानी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.