जुन्या प्रोजेक्टरातून घडलेला कॅमेरा

कोल्हापूरच्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०-१९५४) यांना नाटकांचे पडदे रंगविण्याने ‘पेंटर’ हे नाव दिले. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ने त्यांना व नात्यातील बंधू आनंदराव यांना झपाटले. विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा. मुंबईच्या जुन्या बाजारातून वापरलेला प्रोजेक्टर घेऊन दोघांनी त्याचे अंतरंग अभ्यासले. फीत भिंगामागे क्षणभर थबकली पाहिजे आणि ती सरकताना झडप मिटलेली हवी, ही मेख दोन्ही यंत्रांत एकच. कॅमेऱ्यात मात्र प्रकाशाचा चुकार कवडसाही चालत नाही. खरी कसोटी तिथेच होती.

१९१६मध्ये आनंदराव निवर्तले. अर्धवट राहिलेले ते यंत्र बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८मध्ये पूर्ण केले. मेस्त्री घराण्याचा हात वाया गेला नाही! गायिका तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२०मध्ये ‘सैरंध्री’ झळकला. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब वठला, की सेन्सॉरने कात्री लावली. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये तर पुराणपुरुषांच्या जागी कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरीच पडद्यावर आला.