पितळेची तार आणि किनाऱ्यावरचा खडा

सोन्याचा भाव विचारायचीही भीती वाटावी असे दिवस आहेत. अशा वेळी, मैत्रिणींनो, मला एका नवऱ्याची गोष्ट सांगाविशी वाटते. त्यानं बायकोला जन्मभर दागिने केले, तेही बहुतेक पितळेच्या तारेचे, आणि तिनं ते हौसेनं मिरवले!

अलेक्झांडर कॉल्डर हा अमेरिकेतला मोठा शिल्पकार. जन्म १८९८चा. छताला टांगलेली, वाऱ्याच्या झुळकेनं हलणारी त्याची शिल्पं जगभर गाजली. वडील शिल्पकार, आई चित्रकार. पण दागिन्यांचा नाद लागला तो १९०६ साली, आठव्या वर्षी. कॅलिफोर्नियात त्यांच्या रस्त्यावर विजेच्या तारा जोडणारे कामगार तांब्याचे तुकडे टाकून जायचे. हा ते गोळा करायचा आणि मण्यांबरोबर गुंफून बहीण पेगीच्या बाहुल्यांना माळा करायचा. पुढे तो इंजिनियर झाला, पण हातातली तार काही सुटली नाही.

१९२९ साली बोटीवर त्याची लुईसा जेम्सशी ओळख झाली. कादंबरीकार हेन्री जेम्स यांच्या भावाची ही नात. साखरपुड्याची अंगठी त्यानं स्वतः केली, सोन्याची, वर तारेची चकली. हीच लग्नालाही चालेल असं त्याला वाटलं होतं. पण लुईसानं ठणकावलं, ही साखरपुड्याची, लग्नाची वेगळी हवी. मग दोन डॉलरची अंगठी विकत आणावी लागली! मला तर लुईसा इथंच आवडली. १९३१च्या जानेवारीत लग्न झालं.

त्यानंतर वाढदिवस असो की लग्नाचा वाढदिवस, तिच्यासाठी काहीतरी घडवलं जायचंच. पितळ, चांदी, क्वचित सोनं. आणि खडे? हिरे-माणकं नव्हेत हो. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेले गोटे, काचेचे तुकडे, फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या.

सोनारासारखा डाग देणं त्याला नको असे. तार हातोडीनं ठोकून चपटी करायची, वळवायची, अडकवायची, बांधायची, बस्स. भोक न पाडलेल्या खड्याला कोंदण म्हणजे तारेचेच वेढे. हे दिसतं तेवढं सोपं नाही बरं का! मी करून पाहिलंय. लाटांनी घासलेला गोटा साबणाच्या वडीसारखा निसटतो. दोन वेढे उभे, दोन आडवे घेऊन मागं पीळ दिला तरच तो बसतो. आणि तारेचं टोक आत दाबलं नाही तर पदराचा धागा ओढला गेलाच म्हणून समजा.

असे सुमारे १,८०० दागिने त्यानं केले, स्वतःच्या हातानं. एकाच नमुन्याचे शेकडो काढून विकायला तो तयार नव्हता. मैत्रिणींना, मित्रांच्या बायकांना तो ते भेट देई. १९४२ साली पेगी गुगेनहाइम या श्रीमंत बाईंनी न्यूयॉर्कमध्ये कलादालन उघडलं, तेव्हा त्यांच्या एका कानात कॉल्डरचं कर्णभूषण होतं आणि दुसऱ्यात इव्ह तांगी या दुसऱ्या चित्रकाराचं!

आपल्याकडेही तो येऊन गेला. १९५५ साली गिरा साराभाईंच्या आमंत्रणावरून तो आणि लुईसा अहमदाबादला आले. तेव्हा अहमदाबाद आपल्याच मुंबई राज्यात होतं. भारत फिरवून दाखवायचा आणि त्याबदल्यात त्यानं शिल्पं करायची असा ठराव. तिथंही त्यानं शिल्पांबरोबर दागिने केलेच.

आता कुणी म्हणेल, पितळ काय अडीनडीला गहाण पडतं? खरंय. आपल्या आया-आज्यांनी सोनं जपलं ते नुसतं नटायला नाही. नवऱ्याची नोकरी गेली, मुलीची फी आली, तर हाताशी काही असावं म्हणून. लुईसा खात्यापित्या घरातली होती, तिला ते ओझं नव्हतं, हे विसरून चालणार नाही. पण निदान एखाद्या वाढदिवसाला तरी, किती ग्रॅमचं हे न विचारता, आपल्यासाठी कुणी तासभर बसून काही वळावं, असं कुणाला वाटत नाही?

कॉल्डर १९७६च्या नोव्हेंबरमध्ये गेला. लुईसा त्यानंतर वीस वर्षं होती. पुढे २००८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं खास त्याच्या दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं. तारेच्या त्या माळांना लिलावात आता लाखो डॉलर मोजतात. एवढी किंमत आल्यावर त्या घालून भाजी आणायला कोण जाणार? त्या काचेच्या कपाटात बसल्यात.