ज्यूस विकून व्हिस्की करणारा मासाताका

वाइन शॉपच्या काचेमागे स्कॉच, आयरिश, जपानी, देशी अशा बाटल्या शेजारी शेजारी दिसल्या की आपली नजर आधी किमतीवर जाते, हो ना? आपल्या महाराष्ट्रात पंचविशी गाठल्याशिवाय व्हिस्की घेता येत नाही. तेव्हा सध्या नुसती गोष्ट चाखा.

गोष्ट मासाताका ताकेत्सुरुची. जन्म १८९४ चा, हिरोशिमा प्रांतातल्या ताकेहारा गावचा. घरचा धंदा साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा. शिक्षणानंतर तो ओसाकातल्या एका दारू कंपनीत लागला. तेव्हा जपानमध्ये 'व्हिस्की' म्हणून जे खपायचं, ते बहुतेक वेळा साधं अल्कोहोल आणि त्यात घातलेला रंग-वास. कंपनीला अस्सल माल हवा होता. म्हणून १९१८ मध्ये तिने त्याला थेट स्कॉटलंडला धाडलं.

वय फक्त चोवीस! ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र, मग लाँगमॉर्न, हेझलबर्न अशा डिस्टिलरींमध्ये उमेदवारी. पाहिलेलं सगळं आकृत्यांसकट वहीत उतरवायचं. १९२० मध्ये त्याने रीटा काउन या स्कॉटिश मुलीशी लग्न केलं. दोन्ही घरांतून विरोध झाला, तरी दोघं जपानला परतली.

आणि इकडे कंपनीकडे पैसाच उरला नव्हता! पुढे १९२३ मध्ये शिंजिरो तोरीई या उद्योजकाने त्याला बोलावलं. (त्याचीच कंपनी आजची सनटोरी.) यामाझाकीत डिस्टिलरी उभी राहिली, १९२९ मध्ये 'शिरोफुदा' बाजारात आली... आणि आपटली. पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीचा वास स्कॉटलंडमध्ये कौतुकाचा, पण जपानी जिभेला तो झेपला नाही.

तोरीईला हलकी चव हवी होती, ताकेत्सुरुला स्कॉटलंडसारखी. १९३४ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि उत्तरेला, होक्काइदोच्या थंडगार योइचीत स्वतःची कंपनी काढली. पण व्हिस्की पिंपात मुरायला वर्षं लागतात, तोवर खायचं काय? तर सफरचंदाचा ज्यूस विकायचा! कंपनीचं नावच होतं 'दाई निप्पोन काजू'. जपानीत 'काजू' म्हणजे फळांचा रस, आपल्या बर्फीतला नव्हे. पुढे त्याचंच 'निक्का' झालं. पहिली व्हिस्की आली १९४० मध्ये.

खरी परीक्षा युद्धानंतर झाली. लोकांच्या खिशात पैसे नव्हते आणि बाजार 'तिसऱ्या दर्जा'च्या व्हिस्कीने भरला होता. या दर्जात खऱ्या व्हिस्कीचा थेंब नसला तरी कायद्याला चालायचं, जास्तीत जास्त ५ टक्क्यांची मुभा होती. ताकेत्सुरु बरेच दिवस अडून बसला, पण कंपनी बुडायला आली. १९५० मध्ये तो या बाजारात उतरला, मात्र पूर्ण ५ टक्के व्हिस्की घालूनच.

हार मानली? तसं वाटेल. पण साठच्या दशकात त्याने स्कॉटलंडहून कॉफी स्टिल हे यंत्र आणलं. कॉफीशी संबंध नाही हं, ते शोधणाऱ्याचं आडनाव! त्यातून धान्याची हलकी व्हिस्की निघते. ती मिसळलेली नवी 'ब्लॅक निक्का' १९६५ मध्ये १,००० येनला आली. हलकी, परवडणारी आणि तरीही अस्सल. १९२९ च्या फटक्याचं उत्तर द्यायला त्याला छत्तीस वर्षं लागली. ते बघायला रीटा नव्हती, ती १९६१ मध्येच गेली. तो गेला १९७९ मध्ये.

आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्कींतही मुख्य भाग उसाच्या मळीच्या अल्कोहोलचाच असतो. त्यामुळे पंचविशीनंतर कधी दोन देशांच्या बाटल्यांची तुलना केलीत, तर किमतीआधी आत काय आहे ते बघा. मासाताकाने आयुष्यभर तोच हिशेब मांडला.