पंडिता रमाबाई आणि केडगांवची जमीन

पंडिता रमाबाईंचें नांव ज्याच्या कानीं गेलें नाहीं, असा वाचक आमच्या मंडळ्यांत क्वचितच सांपडेल. त्यांची विद्वत्ता व त्यांचें बायबलचें भाषांतर यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परदेशांतून आलेल्या पैशाचें त्यांनीं काय केलें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं; तेंच आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडत. मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हां त्यांच्याजवळचें होतें नव्हतें तें सरलें. झाडपाला व रानफळें खाऊन दिवस काढावे लागले. आईबाप व मोठी बहीण लागोपाठ निवर्तलीं. मागें रमा व भाऊ श्रीनिवास एवढींच राहिलीं. भूक म्हणजे काय, हें बाईंस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

कलकत्त्यास मिळालेली पदवी, विवाह, अकालीं वैधव्य, १८८३ त इंग्लंडांत झालेला बाप्तिस्मा, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. १८८६ त त्या अमेरिकेस गेल्या. हिंदु विधवांच्या शिक्षणाकरितां १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें आणि दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन मिळालें. त्या बळावर १८८९ त मुंबईस शारदासदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास गेलें.

दहा वर्षें! दात्यानें मुदत घातली म्हणजे घेणाराचें मन खट्टू होतें. पण आमच्या मतें या मुदतीनेंच बाईंस वेळेवर जागें केलें. पुण्यापासून सुमारें ३४ मैलांवर, आगगाडीच्या रस्त्यालगत, केडगांव येथें त्यांनीं अमेरिकेंतील मित्रांच्या मदतीनें सुमारें १०० एकर जमीन घेतली. तो मुलूख कमी पावसाचा. तेथें विहिरी खणविल्या, फळझाडें लावलीं. वर्गणी थांबली तरी बागेच्या उत्पन्नावर सदन चालावें, हा हेतु.

झाडें मोठीं होण्यापूर्वींच १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्यप्रांतांत गेल्या व तेथील शेंकडों अनाथ मुलींस घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगची भीति. इतक्या मुली शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांची हरकत. तेव्हां केडगांवचें शेत उपयोगीं पडलें. प्रथम झोंपड्या, मग १८९८ त मुक्तिसदनाची पायाभरणी. त्याच वर्षीं दहा वर्षांची मुदत भरून जुनें असोसिएशन मोडलें. बाई स्वतः अमेरिकेस गेल्या आणि नवें स्थापन झालें. बागेवर सर्व भागेल ही आशा फोल ठरली हें कबूल केलें पाहिजे, कारण इतक्या मुखांस ती पुरणें शक्यच नव्हतें. परदेशची मदत पुढेंही लागलीच. मात्र ती येऊन पडावी अशी जागा, पाणी व काम करणारे हात येथें तयार होते. मुली शेत करीत, विणीत, दळीत, तेल गाळीत.

१९०० त गुजराथच्या दुष्काळांतून आणखी मुली आल्या व संख्या दीड हजारांवर गेली. पाऊस इकडेही नव्हता. सायंकाळीं विहिरी तळ दाखवीत, आणि पहाटे घागरी घेऊन गेलेल्या मुलींस पुन्हा पाणी दिसे.

बाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच वारल्या.