एका प्रतीचे वर्तमानपत्र

शाळेच्या एखाद्या आठवणीवर लिहून द्यावे, असे स्मरणिका समितीने कळवले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम आला तो सातवीच्या वर्गाबाहेरचा फलक. जिन्याच्या उजव्या हाताला असलेला, एका कोपऱ्यातून रंग उडालेला. दर शनिवारी त्यावर आपले भित्तिपत्रक लागायचे. अक्षर बरे म्हणून बाईंनी ते काम माझ्याकडे सोपवले होते, आणि मी मात्र स्वतःला संपादक समजत होतो. सहलीची तारीख, खो-खोच्या सामन्याचा निकाल, स्कॉलरशिपला कोण बसले, पालकसभा कधी, एवढाच मजकूर असे. पण मधल्या सुट्टीत त्यापुढे गर्दी व्हायची. पालकसभेला आलेले आईवडीलसुद्धा वर्गात शिरण्याआधी तिथे थांबून आपल्या मुलाचे नाव शोधायचे.

त्या भित्तिपत्रकात मी 'चिमटे' नावाचे एक सदर सुरू केले होते. एका शनिवारी त्यात आपल्याच वर्गातल्या एका मुलाच्या सदऱ्यावर दोन ओळी लिहिल्या. सदरा त्याच्या थोरल्या भावाचा असावा, बाह्या कोपराच्या खाली यायच्या. नाव लिहिले नव्हते, पण वर्गाला नाव सांगायची गरज नव्हती. सगळे हसले, तोही हसला. सोमवारी तो आला नाही. त्या आठवड्यात तो आलाच नाही.

बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी तो कागद काढून घडी करून ठेवला, माझ्या हातात साने गुरुजींचे एक पातळसे चरित्र दिले आणि २४ डिसेंबरच्या अंकासाठी त्यावर एक पान लिहून आणायला सांगितले. मी जन्म, शिक्षण, तुरुंगवास, ग्रंथ आणि मृत्यू असे पाच परिच्छेद सुवाच्य अक्षरात उतरवून दिले. बाईंनी ते लावलेही. पण पुस्तक त्यांनी मलाच का दिले, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. म्हणून ते पान आज पुन्हा लिहितो आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या काळात ते वैभव ओसरले. कर्ज वाढत गेले, घरावर जप्ती आली. ज्या घराकडे गाव मानाने पाहत असे, त्या घरातल्या मुलाला लोकांच्या नजरेतला बदल लहानपणीच ओळखता आला. आई यशोदाबाई यांनी या ओढगस्तीत मुलांना जे दिले, ते 'श्यामची आई'मुळे मराठी घराघरांत पोचले आहे. इथे एवढेच सांगतो, की शिक्षणासाठी हा मुलगा घरापासून सतत दूर राहिला. आधी दापोलीची मिशन शाळा, मग औंध, मग पुणे. औंधला हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून तो शिकला. तिथे प्लेग आला आणि तेही सोडावे लागले. १९१७ मध्ये आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली.

१९१८ मध्ये पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले, पुढे न्यू पूना कॉलेजातून पदवीधर झाले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तिथले ग्रंथ आणि चर्चा यांत त्यांचे मन फारसे रमले नाही. त्याच गावातल्या शाळेत, आज जिला आपण प्रताप हायस्कूल म्हणून ओळखतो, १९२४ मध्ये ते शिक्षक म्हणून रुजू झाले. पंचविशीतला, अबोल, चारचौघांत बुजणारा हा तरुण मुलांसमोर उभा राहिला की मात्र वेगळाच होत असे.

शाळेला जोडून वसतिगृह होते. खेड्यापाड्यांतून आलेली, आईवडिलांपासून दूर राहणारी मुले तिथे असत. त्याची जबाबदारी साने सरांकडे आली. वसतिगृह म्हटले की पसारा आला, उशिरा उठणे आले, आणि गृहप्रमुख म्हटले की छडी आली. इथे छडी नव्हती. मुले शाळेत गेली, की हे शिक्षक खोल्या झाडायचे, पसरलेली अंथरुणे गुंडाळून ठेवायचे, कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसायचे. परत आलेल्या मुलाला आपली जागा लख्ख दिसे. ओशाळून तो दुसऱ्या दिवशी स्वतःच आवरून जाई. एखादे मूल तापाने फणफणले तर रात्र त्याच्या उशाशी जाई. आईपासून दूर राहणे म्हणजे काय, हे या माणसाला कुणी शिकवायला नको होते.

याच वसतिगृहात त्यांनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. आपल्या स्मरणिकेसाठी ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे दैनिक हाताने लिहिलेले होते. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. पुष्कळसा मजकूर गुरुजी स्वतः लिहीत, मुले उठायच्या आत तो तयार असे, आणि मुले तो वाचूनच दिवसाला लागत. त्यात देशातल्या आणि जगातल्या घडामोडी असत, थोर माणसांची चरित्रे असत, कविता असत. आणि त्यांच्या शेजारी, तितक्याच मानाने, वसतिगृहातल्या घडामोडी असत. चांगल्या वागण्याची दखल तिथे घेतली जाई, चुकले असेल तर तेही लिहिले जाई, पण ते वाचून मुलाला सुधारावेसे वाटे, तोंड लपवावेसे वाटत नसे.

मी जेव्हा याचा विचार करतो, तेव्हा माझे 'चिमटे' आठवून आजही कानशिले तापतात. मोठ्या वर्तमानपत्रात ज्याच्याबद्दल लिहिले जाते, तो माणूस वाचकाला बहुधा कधी भेटत नाही. शाळेच्या पत्रात तो शेजारच्याच बाकावर बसलेला असतो. तिथे छापलेली प्रत्येक ओळ संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पोचते. गुरुजींना हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या एका प्रतीच्या दैनिकाचा प्रत्येक वाचक त्यांना नावाने, घरच्या परिस्थितीसह, ताटात काय आवडते आणि काय नाही इथपर्यंत माहीत होता. ज्याला जप्तीच्या दिवसांत लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या, तो कुणाच्या सदऱ्यावर दोन ओळी लिहिणे शक्यच नव्हते.

वसतिगृहाच्या भिंतीबाहेरच्या मुलांसाठी त्यांनी १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक काढले. तेही मुलांमध्ये चांगले रुजले. पण १९३० साल उजाडले, गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला, आणि गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला. म्हणजे ज्या शाळेमुळे सारा महाराष्ट्र त्यांना गुरुजी म्हणतो, त्या शाळेत ते होते जेमतेम सहा वर्षे. आपल्या शिक्षकांपैकी जे वाचत असतील त्यांना सांगतो, सहा वर्षे पुरतात.

मग तुरुंग सुरू झाले. धुळे, मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्ली. तिथे त्यांनी सोबतच्या कैद्यांकडून तमिळ आणि बंगाली शिकून घेतली आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणले. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. अठरा रविवारांची ती अठरा प्रवचने भराभर टिपून घेणारा हात साने गुरुजींचा होता. 'गीता प्रवचने' आज कितीतरी भाषांत वाचली जातात, त्यामागे रोज लिहिण्याची ती जुनी सवय आहे.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिले. त्या पुस्तकाची मांडणी आठवून पाहा. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, रोज रात्री एक, अशा बेचाळीस रात्री. समोर ओळखीचे मोजके चेहरे, बोलणारा त्यांच्यातलाच एक, आणि सांगायचे ते आपल्या घरातले. मला यात वसतिगृहातले दैनिकच दिसते, वाचणाऱ्यांच्या जागी ऐकणारे आले इतकेच. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो शाळेच्या पटांगणात, पडद्याच्या मागच्या बाजूने का होईना, पाहिला आहे.

पुढचा काळ धावपळीचा होता. १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, त्यासाठी ते गावोगाव हिंडले. १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले, त्यात शेतकरी आणि कामगार यांची बाजू मांडली. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत राहिले, पुन्हा तुरुंगात गेले. आणि मग आला मे १९४७. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला, लोकमत जागे केले आणि शेवटी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले. पालगडच्या खोताच्या घरातला मुलगा, ज्याला कधीकाळी स्वतःचे घर बंद झाले होते, त्याने दुसऱ्यांसाठी एक दार उघडून घेतले.

स्वातंत्र्याने मात्र त्यांना समाधान दिले नाही. गांधीजींच्या हत्येने ते खचले, एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, जे आजही चालू आहे. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या प्रांतांत जाऊन राहावे, असे आंतरभारतीचे स्वप्न मांडले. याच काळात पुतणीला लिहिलेली त्यांची पत्रे 'साधना'तून प्रसिद्ध होत. पाऊस, फुले, पक्षी, भेटलेली माणसे असा त्यांत मजकूर असे. पत्र एका मुलीला, पण घरोघरची मुले ते आपल्याच नावाने आले आहे असे समजून वाचत. इतक्या वादळांनंतरही हा माणूस लहान मुलासाठी लिहायला बसला की शांत होत असावा, असे मला ती वाचताना वाटते.

आणि तरीही ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास. सातवीतल्या माझ्या पानावर मी निधन एवढाच शब्द लिहिला होता, कारण पुस्तकात तेवढेच होते, आणि आपल्याकडे मुलांना तेवढेच सांगतात. आता आपण मुले राहिलेलो नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी घरात किंवा मित्रांत अशी माणसे पाहिली आहेत, जी सगळ्यांची विचारपूस करतात आणि ज्यांची विचारपूस कुणी करत नाही. गुरुजींच्या मनात त्या रात्री काय होते, याचा तर्क मी करणार नाही. मुलांच्या कंदिलाच्या काचा पुसणाऱ्या या माणसाभोवती जीव लावणारे मित्र होते, सहकारी होते, हजारो वाचक होते. पण जवळ माणसे असूनही माणूस एकटा पडू शकतो, हे त्यांच्या चरित्रातले शेवटचे पान मला सांगते, आणि ते पान गाळून त्यांचे मोठेपण वाढत नाही.

रोज प्रार्थनेला आपण त्यांचेच गीत म्हणत होतो, एका सुरात नसले तरी एका दमात. माणगावजवळ वडघरला त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे, तिथे आजही मुलांची शिबिरे भरतात. ज्यांना जमेल त्यांनी नातवंडांना घेऊन एकदा जाऊन यावे.

आता फलकाकडे परत येतो. तो सदरेवाला मुलगा आठवड्यानंतर शाळेत आला, माझ्याशी पूर्वीसारखाच बोलला, वार्षिक परीक्षाही दिली. आठवीत तो नव्हता. का नव्हता, हे मी कधी कुणाला विचारले नाही, आणि त्याची माफीही मागितली नाही. त्या घडी केलेल्या कागदाचे बाईंनी पुढे काय केले, हेही विचारायचे राहून गेले.

या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकडीची नावे आणि पत्ते दिले आहेत. ज्यांचे पत्ते मिळाले नाहीत, त्यांची यादी त्याखाली आहे. ती यादी करायचे काम माझ्याकडे होते, आणि त्यात त्याचे नाव आहे. आपल्यापैकी कुणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर मला जरूर कळवा. संमेलनाला येणे त्याला जमले नाही तरी चालेल, मी जाईन. आणि त्या यादीतली बाकीची नावेही एकदा सावकाश वाचा. एखाद्या नावापाशी थांबावेसे वाटले तर पुढच्या संमेलनाची वाट न पाहता त्याच दिवशी चौकशी करा.