रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर : चिंतामणराव देशमुख

स्पर्धा परीक्षेत एक प्रश्न नेहमी येतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण? मुलं पटकन सांगतात, सी. डी. देशमुख. एक गुण मिळतो आणि विषय संपतो. पण हा माणूस एका गुणात मावणारा नाही. आज आपण त्यांची थोडी जास्त ओळख करून घेऊ.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी झाला. गाव नाते. महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना हे गाव लागतं. वडील वकील होते. मुलगा लहानपणापासून अतिशय हुशार. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकायला गेले. तिथे विषय कोणते घेतले? वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र! वनस्पतिशास्त्रात त्यांनी बक्षीसही मिळवलं. देशाचा पैसा सांभाळणारा माणूस मुळात झाडापानांचा अभ्यासक होता, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार गंमत वाटते.

१९१८ साली ते आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. त्या काळात ही परीक्षा म्हणजे इंग्रज सरकारच्या कारभाराचा मुख्य दरवाजा होता. नेमणूक मिळाली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. नागपूर ही तेव्हा त्या प्रांताची राजधानी. तिथे त्यांनी जवळजवळ वीस वर्षं महसूल, वित्त अशा खात्यांत काम केलं. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेकडे आले. आधी सचिव, मग डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. वय फक्त ४७.

काळ मात्र फार कठीण होता. दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्रज सरकार भारतातून धान्य, कापड, युद्धाचं साहित्य घेत होतं, पण त्याचे पैसे लंडनमध्ये भारताच्या नावावर नुसते जमा करून ठेवत होतं. आणि इकडे त्याच्या बदल्यात नोटा छापल्या जात होत्या. म्हणजे बाजारात नोटा वाढल्या, माल कमी झाला, साहजिकच महागाई भडकली. लंडनमध्ये अडकलेले हे पैसे बुडू नयेत, ते परत मिळावेत, ही मोठी काळजी होती. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वूड्स इथे जी परिषद झाली, तिथेही भारताच्या वतीने हा प्रश्न मांडला गेला. त्या शिष्टमंडळात देशमुख होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था याच परिषदेतून जन्माला आल्या.

मग फाळणी झाली. जमीन वाटली, सैन्य वाटलं, पण बँक कशी वाटणार? जून १९४८ अखेरपर्यंत पाकिस्तानचंही मध्यवर्ती बँकेचं काम आपल्याच रिझर्व्ह बँकेने पाहिलं. दोन देशांत वैर पेटलेलं असताना दोघांचाही हिशोब एकाच ठिकाणी ठेवणं किती नाजूक काम असेल, याचा जरा विचार करा. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

१९५० मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगावर आणि लगेच अर्थमंत्री म्हणून घेतलं. १९५२ च्या निवडणुकीत ते आपल्या कुलाबा भागातून (आजचा रायगड जिल्हा) लोकसभेवर निवडून गेले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळातली. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. आपल्यापैकी अनेकांच्या पगाराचं खातं आज ज्या बँकेत आहे, तिचा जन्म हा असा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. जानेवारी १९५६. १६ तारखेला नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच आठवड्यात, १९ तारखेला, देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा सरकार ताब्यात घेत असल्याचं देशाला सांगितलं. मनात काय चाललं असेल? राजीनाम्याचा विचार त्यांनी तेव्हाच नेहरूंना कळवला होता. तरी हातातलं काम टाकून ते गेले नाहीत, अर्थसंकल्प मांडला. शेवटी जुलैमध्ये मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत कारणं स्पष्ट सांगितली. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न करता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही सरकारने नाकारली, हा त्यांचा आक्षेप होता. आयुष्यभर सरकारी शिस्तीत वाढलेला माणूस होता हा, घोषणा देणारा नव्हे. म्हणून त्या राजीनाम्याचं वजन मला जास्त वाटतं. आचार्य अत्रे, एसेम जोशी यांच्याबरोबर हे नावही आपण १ मे रोजी घ्यायला हवं, पण बहुतेक वेळा ते राहूनच जातं.

नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, त्यात ते हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख संविधान सभेच्या सदस्य होत्या. १९५३ मध्ये त्यांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं, तेव्हा एक साक्षीदार स्वतः नेहरू होते. त्याच नेहरूंच्या मंत्रिमंडळातून तीन वर्षांनी ते बाहेर पडले.

एवढ्या आकडेमोडीत संस्कृत मात्र सुटलं नाही. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं, स्वतः संस्कृतात कविता केल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं.